उंबरवण्याचं तिकीट

उंबरवण्याच्या मैनाबाई गेली बावीस वर्षं सकाळी सातच्या एसटीने पालीच्या बाजाराला जातात. थंडीत वालाच्या शेंगा, एरवी माठ, मुळा, परसातली काकडी, जे निघेल ते टोपलीत. दाराजवळची पहिली सीट त्यांची, आणि तिथे बसायची दुसऱ्या कोणाची छाती होत नाही. गाव त्यांना पाठीमागे 'कंट्रोलर' म्हणतं. हे त्यांना ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही.

यंदा पौषात फाट्यावरच्या चहाच्या टपरीला कागद चिकटला. पुढच्या महिन्यापासून गाडी गावात न येता फाट्यावरूनच वळणार. फाट्यापर्यंत डांबरी रस्ता, तिथून उंबरवणे चार किलोमीटर आत, नुसते खड्डे आणि मध्ये रान. तरण्या पोरांचं काय, मोटारसायकली आहेत. टोपली घेऊन मैनाबाई कुणाच्या मागे बसणार? आणि शेजारच्या दयारामची क्रांती पालीला अकरावीत होती. दयारामने त्याच दिवशी सांगून टाकलं, "गाडी बंद तर कालेज बंद. रानातनं एकटी पोर मी धाडणार न्हाय."

क्रांतीने पुस्तकं आवरून माळ्यावर टाकली. ते बघून मैनाबाईंचा जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी बाजार बुडवून त्या तडक डेपोत गेल्या. वाचायला कोणी हवं म्हणून क्रांतीलाही ओढत नेलं. तिथला साहेब तसा माणूस वाईट नव्हता. त्याने कागद पुढे सरकवला.

"मावशी, महिन्याभरात तुमच्या गावातून सात माणसं चढली. सात! रिकामी गाडी आत कशाला न्यायची?"

"अवो, सात तर नुस्ती माझ्या आळीची हायत! रोज तीस-पस्तीस मानसं भरतात."

"मग बाकीची तिकिटं सगळी फाट्यापासूनची कशी?"

मैनाबाईंना सगळं कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन वर्षांमागे परेश कंडक्टर या गाडीवर नवा आला. पहिल्याच आठवड्यात आतल्या रस्त्यावर तिकिटं देताना गाडी खड्ड्यात आदळली, तो तोंडावर पडला, ओठ फुटला. मैनाबाईंनी पदराने रक्त पुसलं आणि हुकूम सोडला, "बस रे बाबा गप. फाटा आला का दे तिकिटं. आमी काय पलून जातोय?" तेव्हापासून परेश फाट्यापर्यंत बसून राही. डांबरी लागली की उठे आणि मशीनवर फाट्याचंच नाव दाबून मोकळा होई. टप्पा एकच, भाडं दोन्हीकडून सारखंच, मग तिकिटावर कुठलं गाव आहे हे कोण बघतो? माणुसकी केली मैनाबाईंनी आणि कागदावरून गाव गेलं.

दुसरी कोणी असती तर घरी येऊन गप्प बसली असती. मैनाबाईंनी त्याच संध्याकाळी देवळापुढे सगळ्यांना गोळा केलं. "चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "सायबाकडनं पंधरा दिस मागून आनलेत. उद्यापास्नं जो तो उंबरवण्याचं तिकीट मागंल. न्हाय मागनार, त्याची गाठ माझ्याशी."

मग पंधरा दिवस त्यांनी गावाला सळो की पळो करून सोडलं. तिकिटं फाटल्याशिवाय गाडी गावातून हलायची नाही. दारात मैनाबाई उभ्या. "कुठनं?" "उंबरवणे." "मोठ्यानं बोल!" ड्रायव्हर कावला, उशीर होतोय म्हणाला. "व्हऊ दे," मैनाबाई म्हणाल्या, "गाडी बंद झाली का निवांत झोप." आळीतल्या तरण्या साहिलच्या मोटारसायकलीपुढे त्या आडव्या उभ्या राहिल्या आणि त्याला गाडीत कोंबलं. म्हातारा भागोजी तर पालीला नुसता चहा प्यायला जाऊन यायचा, रोज. आणि चहा बरा नव्हता अशी तक्रार रोज करायचा.

पंधराव्या दिवशी फाट्यावर चेकर चढला. एकेकाचं तिकीट बघत तो मागपर्यंत गेला. उंबरवणे, उंबरवणे, उंबरवणे. परत दाराशी येऊन म्हणाला, "मावशी, तुमचं?"

मैनाबाईंनी कनवटी चाचपली. पिशवी उलटी केली. तिकीट नव्हतंच. गावाला तिकीट काढायला लावता लावता त्यांचं स्वतःचं राहून गेलं होतं. परेशचा चेहरा उतरला. "साहेब, चूक माझी, मला वाटलं मावशींनी..."

"तू गप," मैनाबाई म्हणाल्या. "दंड मी भरनार."

चेकरने दंडाची पावती काढली. ती हाताने भरायची असते. "कुठून बसलात?"

मैनाबाई उभ्या राहिल्या. "उंबरवणे. नीट लिवा, सायेब. फाटा न्हाय. उंबरवणे."

त्याने लिहिलं. पावती फाडून देताना हसून म्हणाला, "मावशी, पंधरा दिवसांचा हिशेब डेपोत पोचलाय. आज खातरजमा करायलाच मला धाडलं होतं. गाडी गावापर्यंत येणार."

मागे एकच गलका झाला. भागोजी म्हणाला, "म्हंजे उद्यापास्नं च्या बंद?" मैनाबाईंनी पावती कालेजला निघालेल्या क्रांतीच्या हातात दिली. "वाच."

"कुठून, उंबरवणे. कुठपर्यंत, पाली."

"परत वाच."

क्रांतीने परत वाचलं आणि मान वर केली. "काकी, रडतेस कशाला?"

"दंड भरलाय मी," मैनाबाई पदराने डोळे पुसत खेकसल्या. "रडू पन नको काय?"