साडूंच्या अंगणातली थंडी

हवामानाशी जन्मभर भांडत बसलेला माणूस अख्ख्या मुंबईत एकच असेल, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मुलुंडला, डोंगराच्या बाजूला, त्यांची मालवणी खानावळ आहे. आत चार टेबलं आणि बाहेर अंगणात बदामाच्या झाडाखाली सहा. उन्हाळ्यात लोक बाहेरच्या टेबलांसाठी ताटकळत उभे राहतात, पावसाळ्यात ताडपत्रीखाली बसून मजेत बोंबील खातात, पण डिसेंबर उजाडून डोंगरावरून जरा वारा सुटला की आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक मानेला मफलर गुंडाळून विचारतं, "आत जागा आहे का?" साडूंना हा प्रश्न शिवीसारखा लागतो. "कसली थंडी? हीच माणसं महाबळेश्वरला पैसे मोजून थंडी खायला जातात, इथे फुकट मिळतेय तर नको!" हे ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलतात. बरं, मी कधी चुकून म्हणालो, "मुंबईत कुठली आलीय थंडी," तर लगेच पलटी! "साडूभाऊ, तुम्ही घाटकोपरचे. थंडी आमच्या मुलुंडला उतरते, भांडुपपर्यंत कशीबशी जाते आणि तिथून परत फिरते. तुम्हाला काय कळणार तिच्यातलं?" बातम्यांत मुंबईचं तापमान सांगितलं की त्यांचं डोकं फिरतं. "ते सांताक्रूझचं! सांताक्रूझला कोण जेवायला बसलंय?" त्यांनी बदामाला स्वतःचा एक तापमापक लटकवलाय आणि तो मनासारखा आकडा दाखवत नसेल तर त्याला टिचक्या मारतात. अशा माणसाशी वाद घालून माझा रक्तदाब वाढलाय, हे मी डॉक्टरांनाही सांगितलंय.

पण या वेडामागे एक कारण होतं, आणि ते कारण त्या अंगणातच खुर्ची टाकून बसलेलं असायचं. आमचे सासरे, आप्पा. मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सासूबाई गेल्या आणि वर्षभरात आप्पांना माणसं ओळखू येईनाशी झाली. तेव्हापासून ते मुलुंडला लेकीकडे, खानावळीच्या वरच्या खोल्यांत राहतात. दिवसभर ठीक असतात. संध्याकाळ झाली की बेचैन होतात. आजूबाजूला चार माणसं बोलत, जेवत असली की शांत बसतात. नसली की "घंटा झाली, मला शाळेत जायला हवं" म्हणत फाटक उघडून चालू लागतात. एकदा असे निघाले ते भांडुपला सापडले, पायात एकच चप्पल. आत बसवावं तर फोडणीच्या धुराने खोकून खोकून जीव जातो. म्हणजे उपाय एकच, बाहेरची टेबलं भरलेली हवीत. रोज, थंडीतसुद्धा. आणि गंमत बघा, साडूंचं लग्न ठरलं तेव्हा याच आप्पांनी "माझी मुलगी खानावळवाल्याला?" म्हणून तोंड फिरवलं होतं. पुढे पंचवीस वर्षांत जावयाबद्दल एक चांगला शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. मला मात्र चारचौघांत "आमचे जावई सरकारी नोकरीत" म्हणायचे. मी रविवारी अर्धा तास भेटून परत यायचो तो.

अंगण भरतं ठेवण्यासाठी साडूंनी जे उद्योग केले ते आठवले तरी माझा संताप होतो. पहिल्या वर्षी त्यांनी टेबलांखाली घमेल्यांतून निखारे ठेवले. ऊब छान आली. पण एका गृहस्थांच्या रबरी चपलेचा तळ वितळून फरशीला चिकटला आणि ते बिचारे पायात माझी चप्पल घालून घरी गेले. माझी! दुसऱ्या वर्षी वारा अडवायला अंगणाभोवती पांढरं कापड लावलं. तासाभरात शेजारपाजारचे लोक फाटकाबाहेर वहाणा काढून, हात जोडून आत यायला लागले. एकाने तर माझा दंड धरून हळूच विचारलं, "कधी झालं?" मग त्यांनी सोलकढीवर बंदी आणली. थंडीत सोलकढी मागणाऱ्याला कुळथाची पिठी वाफाळती समोर ठेवायची आणि वर दम द्यायचा, "पी गपचूप. काय एक होवचा नाय!" अहो, गिऱ्हाईक आहे की पेशंट? मेव्हणी कपाळाला हात लावायची. "भावोजी, तुम्ही तरी सांगा ना यांना," म्हणायची. मी सांगायचो, ते ऐकायचे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी निघायचं.

तिसऱ्या वर्षी त्यांना शाली सुचल्या. आप्पांच्या ट्रंकेत सत्काराच्या चाळीसेक शाली पडून होत्या. आयुष्यभर ते कुठे अध्यक्ष, कुठे प्रमुख पाहुणे. नारळांचं खोबरं झालं, शाली डांबरगोळ्या घालून तशाच राहिल्या. बाहेर बसणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर एक शाल टाकायची, असा साडूंचा बेत. इथवर ठीक. पण रोज निम्म्या धुवायला टाकल्या तर चाळीस पुरायच्या नाहीत म्हणून हा माणूस एका रविवारी घाटकोपरला माझ्या घरी गाठोडं घेऊन हजर! "शाली किती आहेत?" माझ्याकडे एकच शाल. छत्तीस वर्षं कचेरीत मान मोडून काम केलं त्याची. निरोपसमारंभाला साहेबांनी ती एका हाताने माझ्या खांद्यावर टाकली, कारण दुसऱ्या हातात फोन होता आणि ते बोलत होते. भाषण झालंच नाही. समोसे आले होते. पण असेना का, माझी होती ना! मी अंघोळीला गेलो तेवढ्यात बायकोने ती देऊन टाकली. पुढच्या खेपेला, शालींच्या पहिल्याच संध्याकाळी, मुलुंडला गेलो तेव्हा माझी शाल एका अनोळखी इसमाच्या खांद्यावर, आणि तिच्यावर तिसऱ्या-शिंपल्यांच्या रश्श्याचा हा एवढा डाग. साडू म्हणाले, "डाग दिसतो कुठे? रंग मॅचिंग आहे."

मी तिथे भांडायलाच उभा होतो, म्हणून पुढचं सगळं मला डोळ्यांनी बघायला मिळालं. साडू एका रिक्षावाल्याच्या खांद्यावर शाल टाकत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीतून आप्पांनी ते पाहिलं. झालं! शाल पांघरली जातेय म्हणजे सत्कार, आणि सत्कार आहे म्हणजे अध्यक्षांनी बोलायला हवं. आप्पा ताठ उठले, चमच्याने स्टीलच्या पेल्यावर दोनदा ठण्ठण् केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "उपस्थित बंधू-भगिनींनो!" सगळ्यांचे घास हातात राहिले. साडू त्यांना बसवायला धावले, पण तोवर रिक्षावाला शालीसकट उठून हात जोडून उभा! आप्पांनी विचारलं, "आपण काय करता?" तो म्हणाला, "रिक्षा चालवतो, गुरुजी." आप्पा अंगणाकडे वळले. "हे गृहस्थ थकलेल्या माणसांना घरी पोचवतात. स्वतः सगळ्यांत शेवटी घरी जातात. आपण त्यांचे ऋणी आहोत." आणि स्वतः टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या अंगणाने वाजवल्या. रिक्षावाला मटकन खाली बसला आणि शालीच्या टोकाने डोळे पुसायला लागला. तीही माझ्या शालीसारखीच, सत्काराची. पण माझ्या वेळेला माझ्या शालीला असं काही जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बायको-मुलांना घेऊन आला आणि बाहेरच बसला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातल्या दोन नर्स आल्या. आठवड्याभरात अशी पाळी आली की आत चार टेबलं रिकामी आणि बाहेर लोक उभे! नळदुरुस्तीवाला, पोळ्या लाटणाऱ्या मावशी, बँकेतला शिपाई, सगळे इस्त्रीचे कपडे घालून मासे खायला. आप्पा एकेकाला विचारायचे आणि दोन-दोन वाक्यं बोलायचे, सगळ्यांना वेगळी. जावयाचं नाव आठवत नव्हतं, पण वाक्यं कशी ओठांवर तयार. माझा मात्र तिळपापड. बांगडा खायला आलेल्याचा सत्कार? काय चाललंय काय हे? साडूंची तक्रार वेगळीच. "बोलणं आवरा हो, जेवण गार होतंय!" पण संपूर्ण हिवाळाभर आप्पा एकदाही फाटकाकडे गेले नाहीत.

फेब्रुवारी सरत आला. बदामाची लाल पानं ताटांत पडायला लागली होती. त्या संध्याकाळी माझी शाल मला खुर्चीच्या पाठीवर सापडली. ती घेऊन सरळ घरी जायचं, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात साडू हातात तवा घेऊन बाहेर आले, घामाघूम, कोणावर तरी ओरडत. आणि मला काय झालं कोण जाणे, मी ती शाल त्यांच्याच खांद्यावर टाकली. आप्पा उठले. पेला वाजला. "आपण काय करता?" त्यांनी जावयाला विचारलं. वेधशाळेला उलट बोलणारा तो माणूस हातातल्या तव्याकडे बघायला लागला. शेवटी कसाबसा म्हणाला, "मी... जेवण करतो इथं." आप्पांनी त्यांना नीट न्याहाळलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "यांना मी ओळखत नाही. पण यांच्या दारात मला कधी थंडी वाजली नाही."

टाळ्या कोणी वाजवायच्या हेच कोणाला कळेना. मेव्हणी दारातच तोंडाला पदर लावून उभी राहिली. साडू "करपतंय, करपतंय" करत आत पळाले. नंतर मी डोकावलो तर चुलीसमोर घामाने निथळत उभे, पण खांद्यावरची शाल काढली नव्हती. मी ती परत मागितली नाही. आजही मागत नाही.

यंदा आप्पा उठून बोलत नाहीत. खुर्चीत बसतात आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की वाजवतात. दोन वाक्यं आता साडूच बोलतात, तीही धड नाहीत, मध्येच गिऱ्हाइकाला "नीट बस रे, शाल रश्श्यात चाललीय" म्हणून ओरडतात. तरी अंगण भरलेलं असतं. परवा मेव्हणीचा फोन आला, "भावोजी, मुलुंडला थंडी पडलीय, हे म्हणतात याच." घाटकोपरला आमचा पंखा पाचवर फिरत होता. मी कपाटातून स्वेटर काढला, घातला आणि निघालो.