सासऱ्यानं टॉवेलाला हात पुसले न्हाई
नव्या टॉवेलाच्या खळीचा वास आला की मी तो घडीसकट दूर सारते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्ते तवा मी बसल्या बसल्या सासरच्यांसाठी हात पुसायचे टॉवेल भरले, कापडाचे वर आलेले धागे सुईनं उचलायचे अन् त्याच्याखालून लाल दोरा न्यायचा, मागून टाका बिलकुल दिसत न्हाई. मंग मुलगी झाली. बारशाला वाटूरहून एकटे सासरेच आले, नवरा न्हाई, सासू न्हाई. मायनं त्यांच्या हातावर पाणी घातलं अन् टॉवेल पुढं केला, "घ्या इवाई, तुमच्या सुनेनं भरलाय." त्यांनी हात झटकले, धोतराला पुसले. "राहू द्या विहीणबाई, एवढं भारी आमाला कशाला?" मायनं धीर धरून इचारलं, "लेकीला न्यायला कधी येता?" "पाहू," म्हणले, अन् पाळण्याकडं न पाहताच गेले. तवापासून कोणीच आलं न्हाई. पोरगी आता चालायला लागली, दारात कोणी बी पाव्हणा आला की त्याच्याकडं हसत पळती, अन् मी तिला जल्दी घरात ओढते, कारण त्यानं उचलून घेतलं न्हाई तर मी तिला काय सांगू?