मन्मथनं बंद न केलेली तक्रार

बिलोलीच्या आसपासच्या तीस गावांत फायबर केबल जोडणाऱ्या मन्मथला राग लवकर येतो, हे खरं. पण त्या दिवशी तो आला नसता तरच नवल.

बिलोलीच्या कॉलेजातलं इंटरनेट तासाला दहा वेळा जायचं. लातूरच्या ऑफिसातून आदिनाथ इंजिनिअरनं दोनदा एकच फर्मान काढलं: केबलचा सांधा खराब, फोडून नवा करा. मन्मथनं दोनदा भर उन्हात खड्डा उकरून चांगलाभला सांधा फोडला, पुन्हा जोडला. नेट जातच राहिलं. तिसऱ्यांदा सांधा खराब ठरला की त्याचं नाव कामाच्या यादीतून कटणार होतं. बावीस वर्षांचं काम!

"सर, तार ठीक हाय. तारेतला उजेड मोजलाय म्या, पुरेपूर येऊन राहिला," तो फोनवर म्हणाला.

"तुम्ही तारेचं बघा. वरचं आम्हाला कळतं." आदिनाथनं फोन ठेवला.

म्हणे वरचं! मन्मथ नांदेडला आठ दिवस ट्रेनिंगला बसला होता, झोपा काढायला नव्हे. सगळ्यात खाली तार. तिच्यावर पत्ते, माहितीचं कुठलं पाकीट कुठल्या यंत्राकडे जाणार ते सांगणारे. त्यावर हरवलेली पाकिटं पुन्हा मागवणारी व्यवस्था, आणि अगदी वर माणसाला दिसतं ते पान. प्रत्येक थर खालच्यावर भरवसा ठेवून चालतो, म्हणून बिघाड खालून वर शोधत जायचा. लातूरच्या लोकांना तारेवरून वर सरकायचंच नव्हतं.

तो कुदळ न घेता कॉलेजात गेला. लॅब सांभाळणाऱ्या लुंबिनीला म्हणाला, "पोरी, एकेका यंत्राचा पत्ता वाच बरं."

ती वाचता वाचता थांबली. "काका, राउटरचा अन् कॅमेऱ्याच्या नव्या पेटीचा पत्ता एकच हाय की!"

पेटीचा पत्ता आदिनाथनंच लातुरात बसून भरला होता. एकाच नंबराची दोन घरं, मग पाकिटं कधी इकडे, कधी तिकडे. मन्मथनं पेटीची वायर उपटली. तासभर नेट एकदाही गेलं नाही.

हे कळवल्यावर आदिनाथ म्हणाला, "बरं, तक्रार बंद करून टाका. कारणात 'सांधा खराब' टाका."

मन्मथचं टाळकं सरकलं. मोबाइलवर केबलवाल्याला निवडायला चारच कारणं होती: तुटली, दबली, उंदरानं कुरतडली, सांधा खराब. पत्त्याची चूक त्याच्यासाठी ठेवलेलीच नव्हती. आणि कारण न निवडता उघडी ठेवलेली तक्रार थेट आदिनाथच्या साहेबाकडे जायची.

"न्हाई करत बंद."

"नाव कटेल तुमचं!"

"कटू द्या. चूक तुमची हाय, तुमच्या तोंडानं साहेबाला सांगा."

चार दिवस तक्रार उघडी राहिली. पाचव्या दिवशी लातूरहूनच बंद झाली. मन्मथचं नाव यादीत राहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं नुसतं 'इतर'; पत्त्याची चूक कुठंच नव्हती. ते वाचून त्याला पहिल्यापेक्षा जास्त राग आला.