तर्री-पोहे अडवून ठेवलेली सभा

गेल्या महिन्यात आमच्या काव्य मंडळाची सभा झाली, धंतोलीच्या आमच्या जुन्या हॉलमध्ये. मी कार्यकारिणीत आहे म्हणजे काय... खिडकीजवळची खुर्ची माझी. बाहेर कडुनिंब, आत शाळेतल्या कविता. तिथे बसलं की मी हलकेच चौथीच्या वर्गात जातो.

आमच्याकडे मतदान नसतं. सगळं सर्वानुमते. म्हणजे विषय जरा अवघड झाला, की कुणीतरी पोह्यांची आठवण काढतं, वर ओतायला चण्याचा झणझणीत रस्सा, म्हणजे तर्री येते आणि विषय पुढच्या सभेवर जातो... कितीतरी वर्षं असंच छान चाललं होतं.

त्या दिवशी अध्यक्ष कुसुमताईंनी पोह्यांचा डबा बाहेरच ठेवायला लावला. "आधी निर्णय, मग पोहे."

"हा जुलूम आहे ताई! तर्री थंडी होऊन राहिली तिकडे," बापूसाहेब म्हणाले. बापू आमचे सचिव, माझे शाळेपासूनचे मित्र.

विषय असा... हॉल ट्यूशन क्लासला भाड्याने द्यायचा आणि कवितावाचन शहराच्या टोकाला, हुडकेश्वरला न्यायचं. तिकडे नव्या सोसायट्या, घराघरात मुलं. जागा? एका सोसायटीचं पार्किंग.

"पार्किंगमध्ये कविता? उद्या मले स्कूटरवर बसून भाषण करायले लावसान!" बापू चिडलेच.

ताई शांतपणे म्हणाल्या, "हा हॉल सोडणं माझ्याही जिवावर येतं बापू. पण मागच्या कार्यक्रमात आपणच वाचलं आणि आपणच टाळ्या वाजवल्या. असंच चाललं, तर आपल्यासोबत मंडळही संपेल." मग त्यांनी हात वर करायला सांगितलं. आमच्या मंडळात पहिल्यांदाच!

एकही हात हलेना. ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"त्याले काहून विचारता? तो खिडकी सोडते का?" बापू हसले.

खरंच होतं ते. ती खिडकी गेली, तर मी संध्याकाळी जाऊ कुठे... पण मला एकदम रामटेकजवळची आमची शाळा दिसली. कवितेच्या तासाला गुरुजी आम्हाला बाहेर विहिरीजवळ न्यायचे. भिंतीत आवाज कोंडतो, म्हणायचे. रस्त्याने जाणारी माणसं थांबून ऐकायची.

मी हात वर केला. बापू माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूहळू बाकीचे हात... सगळ्यात शेवटी बापूंचा. "आता तरी आणा गा पोहे!"

परवाच्या रविवारी हुडकेश्वरला पहिला कार्यक्रम झाला. स्कूटर कडेला लावलेल्या, खाली सतरंज्या, मुलं, सुना, आजोबा. बापूंनी चौथीतली आमची आवडती कविता घेतली आणि मध्येच अडकले. ओळ काही आठवेना. मीही गोंधळलो.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन गेटाशी उभ्या असलेल्या एका बाईंनी पुढची ओळ म्हटली... चालीसकट. मग मागून कुणी, जिन्यातून कुणी, आणि बघता बघता सगळं पार्किंग कविता म्हणायला लागलं. बापू डोळे पुसत हाताने ताल देत होते.

खिडकीची आठवण येतेच. कडुनिंबाचीही. पण कुसुमताई, त्या दिवशी तुम्ही पोहे थंड होऊ दिलेत... त्याबद्दल मनापासून आभार.