पहिलटकरणीचं माहेर

मला माणसं वाटून घेता येत नाहीत. शाळेत माझ्या मैत्रिणीने दुसरीच्या डब्यातलं खाल्लं तरी माझा दिवस नासायचा. लग्न होऊन टेक्सासला आले, पण हा स्वभाव काही मुंबईच्या विमानतळावर राहिला नाही. त्यामुळे २००४ साली प्लेनोमध्ये माझ्या शेजारणीची आणि माझ्या सासूबाईंची गट्टी जमली तेव्हा माझा किती जळफळाट झाला असेल, याची कल्पना मला ओळखणाऱ्यांना सहज येईल.

ती शेजारीण माझी होती, हे आधी सांगायला हवं. मी डिपेंडंट व्हिसावर आले होते, म्हणजे नवऱ्याने नोकरी करायची आणि मी घरात बसायचं असा सरकारी हुकूम. इतिहासात एम.ए. केलेलं, कराडच्या कॉलेजात शिकवलेलं, आणि इथे काम काय तर डिशवॉशर भरायचा आणि रिकामा करायचा. गाडी चालवता येत नव्हती. प्लेनोमध्ये गाडीशिवाय माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही, कारण कोपऱ्यावर दुकानच नसतं. अशात एके दिवशी पलीकडच्या घरातली सत्तरीची विधवा बाई लिंबाचा केक घेऊन दारात उभी राहिली. मी काय शिकले आहे, असं तिने विचारलं. अमेरिकेत आल्यापासून हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. इतिहास म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. "मग उद्या माझ्याबरोबर लायब्ररीत चल," म्हणाली.

तिला तिचं घराणं शोधायचं होतं. तिचे पणजोबा आयर्लंडहून आलेले. बटाट्याच्या दुष्काळानंतर पोरसवदा वयात बोटीत बसले, न्यू ऑर्लिन्सला उतरले आणि बैलगाडीने मजल दरमजल करत या काळ्या मातीत येऊन थांबले. गवताचा माळ फोडून त्यांनी मका लावला, मग कापूस. आमची कॉलनी, पलीकडचा मॉल, माझ्या नवऱ्याचं ते तळ्याकाठचं काचेचं ऑफिस, सगळं त्यांच्या शेतावर. गाडी चालवताना ती एका बँकेकडे बोट दाखवून सांगायची, "इथे आमचा गोठा होता." मला हेवा वाटायचा. मी राहत होते ते घर भाड्याचं, सोफा आधीच्या भाडेकरूचा, आणि हिला बँकेच्या पार्किंगमध्येसुद्धा स्वतःच्या गाई दिसत होत्या.

पण ती मला सोबत नेत होती, त्यामुळे तो हेवा सहन होण्यासारखा होता. लायब्ररीच्या तळमजल्यावर मायक्रोफिल्मची यंत्रं होती. जुन्या खानेसुमाऱ्या, जमिनीचे व्यवहार, सगळं त्या काळ्या पडद्यावर सरकत जायचं. तिचे डोळे लवकर दमायचे, मग ती बाजूला बसून आठवणी सांगायची आणि मी वाचायचे. जुनं वळणदार अक्षर मला तिच्याहून भराभर लागायचं, याचा मला गर्व होता. परत येताना ती मला कॉफी पाजायची आणि ओळखीच्या बायकांना सांगायची, "ही माझी इतिहासकार." त्या एका वाक्यावर माझा आठवडा जायचा.

आमचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. पणजोबांची सगळी माहिती मिळाली, पण पणजी कुठली, कोणाची मुलगी, काही पत्ता लागेना. तिचं नाव इतकं सर्रास आढळणारं की त्या नावाच्या आयरिश बायका गावोगाव. तिचं लग्नाआधीचं आडनाव कुणाला माहीत नव्हतं. घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर मुलांचे जन्म लिहिलेले होते, तेवढाच धागा. त्यातली बाकीची सगळी मुलं इथल्या शेतावर जन्मली होती, पण थोरला मात्र पार पूर्वेकडच्या एका दुसऱ्या कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात. आम्ही दोघींनी तर्क केला की हे जोडपं आधी तिकडे राहत असणार, शेती करत असणार. म्हणून त्या कौंटीतले जमिनीचे व्यवहार पणजोबांच्या आडनावाने शोधत बसलो. अख्खा हिवाळा त्यात गेला. हाती काही लागलं नाही.

दरम्यान मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, आईच्या हातचं खावं, पुढचे काही महिने कुणाचंही ऐकू नये, हे सगळं मी लहानपणापासून गृहीत धरलेलं होतं. पण आमच्या ग्रीन कार्डचे कागद चालू होते. भारतात गेले आणि परतीच्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकले तर काय, या भीतीने नवरा जाऊ देईना. मग आईने इकडे यायचं ठरलं. ती मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला गेली. विधवा बाई, नावावर घर नाही, एकुलती एक मुलगी अमेरिकेत. परत जाल कशावरून, असं तिला विचारलं. आईला खोटं बोलता येत नाही. "लेकीचं सगळं नीट झालं की जाईन," म्हणाली. व्हिसा नाकारला.

सासूबाईंकडे मात्र आधीचाच व्हिसा होता. त्यांना दोन मुलगे, थोरला अमेरिकेतच फ्रीमाँटला, त्याच्याकडे त्या येऊन गेल्या होत्या. त्या नागपूरहून आल्या. बॅगेतून मेथ्या, हळीव, सुंठ काढून त्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. वाईट काही नव्हतं त्यांच्यात. फक्त त्या माझी आई नव्हत्या, आणि आईच्या जागेवर बसल्या होत्या. त्यांनी केलेल्या प्रत्येक भाजीत मला काहीतरी कमी लागायचं.

आणि मग त्यांनी शेजारीणही घेतली. इंग्रजीचं एक वाक्य येत नसताना! पहिल्या दिवशी त्या तिच्या परसात शिरल्या, तिच्या टोमॅटोच्या रोपांची खालची पानं खुडून दाखवली, आणि ती बाई खूश. चार दिवसांनी पाहते तर दोघी तिच्या व्हरांड्यात बसून गोधडीला टाके घालत होत्या. एक नागपुरी मराठीत बोलत होती, दुसरी टेक्सासच्या इंग्रजीत, आणि दोघी हसत होत्या. कशाला हसत होत्या देव जाणे. आता शेजारीण दारात आली की माझ्या खांद्यावरून आत बघून विचारायची, "तुझी सासू कुठेय?" मी नवऱ्याकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "अगं, चांगलंय ना यार, आईचा वेळ जातो." मी त्या दिवशी त्याला गार आमटी वाढली.

तरी लायब्ररी माझी होती. तिथे सासूबाईंचं काय काम? पण पोट वाढलं, खुर्चीत बसवेना, तेव्हा शेजारीणच कागदांचे गठ्ठे घेऊन आमच्या डायनिंग टेबलावर येऊ लागली. सासूबाई शेजारी बसून शेंगा सोलायच्या. एका दुपारी त्यांनी विचारलं, "काय शोधून राहिल्या तुम्ही दोघी इतके दिवस?"

मी थोडक्यात सांगितलं, थोडं तुटकच. त्यांचं कुतूहल तेवढ्यावर भागेना.

"मुलं किती तिला?"

मी इंग्रजीत विचारलं, उत्तर मराठीत सांगितलं.

"सगळी इथेच झाली?"

"थोरला सोडून. तो तिकडे दुसऱ्या कौंटीत झाला. तिथली त्यांची जमीन सापडत नाहीये."

सासूबाईंचा हात शेंगांवर थांबला. "जमीन कशाला सापडेल बाप्पा? पहिलं लेकरू ना ते? मग माहेरी गेली असेल ती बाळंतपणाला. तिकडे तिच्या बापाचं घर शोधा नं!"

शेजारीण माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होती. "काय म्हणते ती? सांग ना," असं तिने दोनदा विचारलं. खरं सांगते, ते वाक्य भाषांतर करून सांगणं माझ्या जिवावर आलं. बायबलचं ते पान मी किती वेळा पाहिलं होतं! माहेरच्या बाळंतपणासाठी रोज मनात झुरणारी मी, आणि मलाच ते दिसलं नाही. दिसलं कुणाला, तर शेंगा सोलणाऱ्या सासूबाईंना. शेवटी सांगितलं. शेजारणीने टेबलावर हात आपटला, उठली आणि सासूबाईंना मिठीच मारली. शेंगा जमिनीवर सांडल्या. वाकता येत नसतानाही मी त्या उचलत बसले, कारण माझा चेहरा कुणाला दिसायला नको होता.

पुढचं सगळं पटापट झालं. त्या कौंटीची लग्नाआधीची खानेसुमारी काढली, या वेळी पणजोबांचं आडनाव बाजूला ठेवून. पणजीच्या नावाची, त्याच वयाची मुलगी असलेलं आयरिश घर तिथे एकच निघालं. तिथल्या चर्चने जुन्या नोंदी पाहून कळवलं की थोरल्याचा बाप्तिस्मा तिथेच झाला होता, आणि त्याची धर्ममाता, म्हणजे गॉडमदर, म्हणून त्याच घरातल्या मुलीच्या आईचं नाव होतं. शेजारीण ओळखीच्या बायकांना फोन करून सांगत सुटली, आणि प्रत्येक फोनमध्ये सासूबाईंचं कौतुक. "माझी इतिहासकार" हा शब्द त्यात कुठेच आला नाही. मी कान देऊन ऐकत होते.

ती आम्हाला ते ठिकाण पाहायला घेऊन गेली. माझे दिवस भरत आले होते, पण मी हट्टाने गेले. दोघींनाच जाऊ द्यायला मी काही मूर्ख नव्हते. गाडीने दीडेक तास लागला. घर केव्हाच गेलेलं होतं, नुसतं कुरण होतं आणि चर्चमागे स्मशानभूमी. पणजीच्या आईचा दगड एका बाजूला कललेला, अक्षरं झिजलेली. शेजारीण गुडघ्यावर बसून त्यावरचं शेवाळ बोटांनी काढत होती आणि रडत होती.

मी मात्र आलो त्या रस्त्याकडे बघत होते. बैलगाडीला तीन-चार दिवस तरी लागले असतील. वाटेत पूल नसतील, पोटात पोर, हाडं खिळखिळी करणारी वाट. पण निघाली आणि पोचली. परत जाशील कशावरून, असं विचारायला तिच्या वाटेत कुणी खिडकीमागे बसलेलं नव्हतं. दारात आई उभी असेल. ती आत जाऊन आडवी झाली असेल आणि म्हणाली असेल, मला भूक लागलीय.

"मला हिचा हेवा वाटतो," मी म्हणाले. मराठीत म्हणाले, कुणाला उद्देशून म्हणाले ते ठाऊक नाही. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या एका आयरिश शेतकरणीवर मी जळत होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर त्या कललेल्या दगडावर होती.

"मला हिच्या आईचा वाटतो," त्या म्हणाल्या. "दोन्ही मुलगेच मला. माझ्या दारात अशी कोण येणार?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतके महिने ही बाई माझ्या घरात होती, मेथ्या भिजवत होती, माझी बोलणी खात होती, आणि मी फक्त ती कोण नाही तेवढंच मोजत होते. शेजारणीने हाक मारली तेव्हा सासूबाई हात धरून मला उंचसखल गवतातून हळूहळू घेऊन गेल्या. मी हात सोडवून घेतला नाही.

नंतर थोड्याच दिवसांत मुलगी झाली. सासूबाईंनी सगळं रीतसर केलं, बाळाला तेल, मला शेक, आणि डिंकाचे लाडू. मी दिवसभर लोळायचे आणि भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात ओरडायचे. एका सकाळी नाश्ता करता करता कराडला आईला फोन लावला. आजवर आईजवळ मी सासूबाईंची कुरकुरच केली होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं भरभरून सांगितलं.

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "लाडू केले का त्यांनी?"

"केले ना."

"नागपूरकडे डिंक नीट फुलवत नाहीत. कच्चा राहतो. दाताला चिकटतो."

तो आवाज मी ओळखला. गेले कित्येक महिने तो माझाच होता.

"हो गं आई, चिकटतो," मी म्हणाले. "तुझ्यासारखे नाही जमले त्यांना."

लाडू तोंडात विरघळत होता. सासूबाई समोरच बसल्या होत्या, बाळाला मांडीवर घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सांग, आणखी सांग, अशी हाताने खूण केली, आणि डब्यातला दुसरा लाडू काढून माझ्या ताटलीत ठेवला.