चोवीस तास पाणी

खालच्या फ्लॅटचं फॉल्स सीलिंग पुन्हा गळलं, तेव्हा मंदारने मला फोन केला.

"मॅडम, आईची असेसमेंट करून द्या. खडवलीच्या वृद्धाश्रमात अ‍ॅडमिशनसाठी रिपोर्ट लागतो. सोसायटीने महिनाअखेरची मुदत दिलीय. त्यानंतर आई इथे राहू शकत नाही."

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नावावरून बरेच जण माझ्याकडे नोकरीची चौकशी करतात. माझं काम साधं आहे. आजारी माणसाला आंघोळ, जेवण, कपडे, घरकाम यांतलं जे जमतं ते जमत राहावं आणि जे जमत नाही त्याची सोय लागावी, हे बघायचं. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यापासून मी डोंबिवलीहून घरोघरी जाते.

ठाण्यातला हा टॉवर एखाद्या राजवाड्याने लॉटरी जिंकल्यासारखा दिसत होता. गेटवर घोडे, लॉबीत कारंजं. मंदार वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत 'प्रोसेस एक्सलन्स'चा हेड आहे. लोक जे काम आधीपासून करत असतात, ते त्यांनी कसं करावं हे तो त्यांना स्लाइडवर दाखवतो. घरीही त्याने तेच केलं होतं.

त्याच्या आई, कुसुममावशी, डोंबिवलीच्या चाळीत संसार करून म्हाताऱ्या झाल्या. विसरायला लागल्या, गॅस चालू ठेवून शेजारी जाऊन बसायला लागल्या, तेव्हा मुलाने त्यांना इथे आणलं. मंदार आणि त्याची बायको दिवसभर ऑफिसात. सकाळी एक बाई यायची आणि जेवण वाढून जायची. दुपारनंतर मावशींना सांभाळायला कॅमेरे होते.

"फॉल डिटेक्शन आहे," मंदार म्हणाला. "आई पडली तर मला अलर्ट येतो."

"पडायच्या आधी?"

"ते फीचर नाहीये."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्पीकरमधून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार कुसुमजी, आपल्या औषधाची वेळ झाली आहे."

मावशी दाराकडे बघून ओरडल्या, "अरे, त्या बाईला आत तरी घ्या! रोज बाहेरूनच बोलते बिचारी."

मी ठरलेले प्रश्न विचारायला घेतले.

"मावशी, आता महिना कुठला चालू आहे?"

"तुला माहीत असेल तर तूच सांग ना."

"शंभरातून सात काढले तर?"

"कशाला काढायचे? आहेत ते असू देत."

मंदार मार्क टिपून घेत होता. आई नापास होतेय याचं त्याला दुःख होतं, पण रिपोर्ट भक्कम होतोय याचं थोडं समाधानही असावं. मावशींचं लक्ष मात्र माझ्याकडे नव्हतं. दर थोड्या वेळाने त्या उठत, स्वयंपाकघरात डोकावत आणि विचारत, "पाणी आलं का?"

"आई, इथे चोवीस तास पाणी आहे. किती वेळा सांगू?"

"चोवीस तास?" मावशी घाबरल्याच. "मग भरून ठेवायचं कधी?"

मंदारने माझ्याकडे बघून हात पसरले. मला मात्र हा त्या दिवसातला पहिला मुद्देसूद प्रश्न वाटला.

मावशींनी आल्यापासूनच पाणी भरायला घेतलं होतं. पातेली, डबे, फुलदाणी, मंदारच्या प्रोटीन शेकचा मग, सगळं तुडुंब. एकदोनदा बादली वाहिली. त्यावर मंदारने प्रोसेस बसवली. मेन लाइनवर मोबाइलवरून चालणारा व्हॉल्व्ह. ऑफिसात असताना तो पाणी बंद करायचा आणि मीटिंगमधून मोकळा झाला की चालू करायचा. खालच्या घरात पाणी गळायला लागलं ते तेव्हापासून.

"पण नळ उघडा कसा राहतो?" मी विचारलं. "रेकॉर्डिंग आहे ना?"

"आहे की. सगळं क्लाउडवर आहे."

"बघितलंत?"

"अलर्ट नव्हता ना."

आम्ही बघितलं. दुपारी मावशी नळ सोडतात. थेंब नाही. त्या खाली बादली लावतात, नळ तसाच उघडा ठेवतात आणि शेजारी स्टूल घेऊन बसतात. बसल्या बसल्या डुलकी लागते. थोड्या वेळाने उठून आत आडव्या होतात. मग मंदारची मीटिंग संपते.

डोंबिवलीत राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. पाण्याची वेळ नक्की नसली की नळ उघडाच ठेवायचा. बादलीत धार पडल्याचा आवाज झाला की उठायचं. मावशींचे कान आता दगा देत होते, पण पद्धत अगदी बरोबर होती. आमच्या विषयात याला प्रोसिजरल मेमरी म्हणतात. म्हणजे हातांची आठवण. नावं, वार, महिने जातात, हात बराच काळ टिकतात.

"म्हणजे पूर मी आणला?" मंदारने विचारलं.

"तुम्ही पाणी आणलंत. वेळ सांगितली नाहीत."

मी दोन अटी घातल्या. एक, दुपारपासून रात्रीपर्यंत घरात माणूस हवं, कॅमेरा नको. दोन, बाथरूमची लाइन चालू राहील, पण स्वयंपाकघरात पाणी रोज संध्याकाळी एकाच वेळी येईल आणि भरून झालं की जाईल. कळशी आणि पिंप डोंबिवलीहून आणायचं.

सेक्रेटरी शिर्के साहेब वर आले. "मॅडम, आमच्या ब्रोशरमध्ये फुल पेजवर लिहिलंय, चोवीस तास पाणी. तुम्ही इथे पाण्याची वेळ लावताय? फ्लॅटच्या व्हॅल्यूचं काय?"

"खालच्या घरात कारंजं नको असेल तर एवढं सोसा."

पहिल्याच संध्याकाळी मावशींनी पदर खोचला. पिंपाच्या तोंडाला गाळायचं फडकं बांधलं, कळशी विसळली. पाणी आल्याबरोबर त्यांनी आधी समोरच्या फ्लॅटची बेल दाबून "पाणी आलं गं!" असं सांगितलं. चाळीत ज्याला आधी कळेल त्याने मजल्याला सांगायचं असतं. समोरच्या बाईंचं माहेर कल्याणचं. त्या सवयीने बादली घेऊन बाहेर आल्या आणि मग ओशाळून हसल्या.

मंदार लवकर आला होता आणि दारात उभा होता. मावशी त्याला स्वतःच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारून म्हणाल्या, "बघत काय उभा राहिलास? धर ही कळशी." त्याने ऑफिसच्या शर्टावर पाणी सांडत कळशी धरली. नाव दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं.

त्यानंतर घरभरच्या फेऱ्या कमी झाल्या. दुपारी "पाणी आलं का?" विचारलं की दुपारपासून ठेवलेली नवी बाई सांगते, "संध्याकाळी येणार." मावशींना ते पटतं. आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. पण मुदत उलटली तरी खालचं छत कोरडं आहे आणि खडवलीची जागा मंदारने सोडली. हे सगळं 'शेड्यूल्ड वॉटर मॉडेल' म्हणून त्याने ऑफिसात सादर केलं. टाळ्या मिळाल्या, असं ऐकते.

आता लोक मला फोन करून विचारतात, आईसाठी कुठलं मशीन घेऊ? मी आधी विचारते, तुमच्या जुन्या घरी पाणी किती वाजता यायचं? आईला विचारून सांगतो, म्हणतात.