सियोनचा हीट पंप आणि सॅलीबाईंचा शनिवार

तीस वर्षं घरं तापवणारे गॅसचे बॉयलर दुरुस्त करून पोट भरलेला सियोन आता इंग्लंडातल्या स्लाऊ शहरभर दारं ठोठावत सांगत फिरतो, "गॅस सोडा, विजेवरचा हीट पंप घ्या, हवेतला कार्बन कमी करा." हलवायानं मधुमेहावर भाषणं द्यावीत, तसला प्रकार!

लोक चहा पाजतात आणि टोलवतात. "गॅसऐवजी पाइपातून हायड्रोजन येणार म्हणे, तोवर थांबतो." कुणी थेट विचारतं, "तुमच्या घरी आहे का?"

नव्हता. ते कबूल करून करून अठ्ठावन्नाव्या वर्षी तो पार थकला. शेवटी डिसेंबरात त्यानं घरचाच बॉयलर उपटला आणि मागच्या अंगणात हीट पंपाची पेटी बसवली.

घर गारठलं.

शेजारचा हरीश कुंपणावरून म्हणाला, "लोक घरात फ्रिज ठेवतात. तू घरच फ्रिजमध्ये ठेवलंस की रे!"

सियोनला हसायचंही त्राण नव्हतं. पंप म्हणजे मंद चालीचा बैल, सतत चालू ठेवायचा. तसं पत्रकात छापलेलं, आणि ती पत्रकं यानंच शेकड्यांनी वाटलेली. पण बॉयलरची खोड हातात मुरलेली: बाहेर जाताना बंद, आल्यावर पूर्ण जोरात, झोपताना पुन्हा बंद. घर ऊब धरतंय तोवर याची बोटं बटणावर.

चौऱ्यांशीच्या सॅलीबाईंनी दोन शालींतून लेकाला बजावलं, "सोमवारी बॉयलरवाला बोलावलाय. तोवर घर तापलं तर ठीक."

बॉयलर परत आला की दारोदार कुठल्या तोंडानं बोलायचं?

शुक्रवारी संध्याकाळी आईनं शब्बाथचा, ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीचा, दिवा लावला. "आता उद्या चांदण्या दिसेपर्यंत एकाही बटणाला हात लावायचा नाही. कामावरही जायचं नाही. आपले वाडवडील कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून तर गाव शनिवार तेली म्हणायचं. तू कोण मोठा लागून गेलास?"

गिऱ्हाइकं शनिवारीच घरी सापडतात. पण वाद कोण घालणार? सियोननं फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

शनिवारी दुपारी हरीश नवा टोमणा घेऊन आला. दारातच त्यानं कोट काढला, मग स्वेटर. टोमणा राहिला बाजूला. सॅलीबाईंच्या दोन्ही शाली घडी घालून ठेवलेल्या.

"कुठलं बटण दाबलं यानं?"

"एकही नाही. कालपासून नुसतं चालू दिलंय. चांदण्या दिसल्या की त्या सोमवारवाल्याला नको म्हणून कळवते."

खुर्चीत सियोन तोंड उघडं टाकून घोरत होता. त्याला हलवायला हरीश वाकला.

"ए हरीश! त्यालाही हात लावायचा नाही आज."